आखूड सदरे: व्हर्जिनियातील ॲन लेडनचा माग



या व्यासपीठावर तुम्ही आजवर थोरामोठ्यांची चरित्रं ऐकली आहेत. त्यांचा पत्रव्यवहार असतो, भाषणं असतात, घरात जपलेले फोटो असतात. आज मी ज्या बाईबद्दल बोलणार आहे तिच्या हातची एक ओळही उरलेली नाही. चित्र नाही. थडग्याचा दगड नाही. तिचं नाव ॲन बरस, लग्नानंतर ॲन लेडन. १६०८ मध्ये, चौदाएक वर्षांची असताना, ती इंग्लंडहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियात उतरली. मोलकरीण म्हणून. तिचं उभं आयुष्य मुख्यतः चार नोंदींत आहे. जहाजावरच्या माणसांची एक यादी, एका लग्नाचा उल्लेख, कोर्टातली एक साक्ष आणि एक शिरगणती.

चार नोंदींवरून माणूस उभा राहतो का? राहतो, असं मला वाटतं. मात्र त्यासाठी प्रत्येक नोंदीला एक प्रश्न विचारावा लागतो: हे लिहिणाऱ्याने हे कशासाठी लिहिलं? कारण या चारपैकी एकही नोंद ॲनची आठवण राहावी म्हणून झालेली नाही. यादी केली ती कंपनीला हिशेब द्यायला. शिरगणती केली ती वसाहतीत किती तोंडं आणि किती बंदुका आहेत हे राजाला कळावं म्हणून. ॲन त्यात सापडते ती वाटेत. आपले इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव हिंडून वाण्यांच्या दुकानांतून आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरं गोळा करत होते, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. वसुलीच्या कागदातच कधीकधी माणूस भेटतो.

आधी जागा सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा मोठा उपसागर आहे. त्याला मिळणाऱ्या एका नदीला इंग्रजांनी आपल्या राजाचं नाव दिलं, जेम्स. तिच्या काठावर मे १६०७ मध्ये लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने शंभराहून थोडे अधिक पुरुष आणि मुलगे उतरवले. गावाचं नाव जेम्सटाउन. त्या पहिल्या तुकडीत एकही बाई नव्हती. लाकडी ओंडके रोवून त्यांनी त्रिकोणी किल्ला बांधला आणि पहिल्याच उन्हाळ्यात माणसं पटापट मरू लागली. नदीचं पाणी खाऱ्या पाण्यात मिसळलेलं, मचूळ. तेच प्यायचं. जुलाब, ताप, सूज. त्यात पाऊस नाही. त्या भागातल्या जुन्या सायप्रस वृक्षांच्या खोडातली वर्षवलयं अभ्यासकांनी मोजली, तेव्हा १६०६ ते १६१२ ही सात वर्षं मागच्या पावणेआठशे वर्षांतली सर्वांत कोरडी ठरली. म्हणजे इंग्रजांनी घर मांडायला नेमका दुष्काळ निवडला. आणि ज्यांच्याकडे ते मका मागायला जात होते, त्या मूळच्या रहिवाशांच्या कणगीतही मका नव्हता. पुढच्या पुष्कळ रक्तपाताची मुळं या एका गोष्टीत आहेत.

आता पहिली नोंद. १६०८ च्या शरदात कॅप्टन क्रिस्टोफर न्यूपोर्टचं ‘मेरी अँड मार्गारेट’ हे जहाज जेम्सटाउनला लागलं. सत्तरएक माणसं होती. यादीत आधी सरदार-दरकदार, मग कारागीर, मग मजूर, आणि शेवटाजवळ दोन बायका: मिसेस फॉरेस्ट आणि तिची मोलकरीण ॲन बरस. जेम्सटाउनच्या पहिल्या दोन इंग्रज स्त्रिया. मालकिणीला तिचं स्वतःचं नावही यादीत मिळालेलं नाही, ती नवऱ्याच्या आडनावानेच ओळखली गेली. मोलकरणीला मात्र नाव मिळालं, कारण तिला दाखवायला नवरा नव्हता. आणि यादीतल्या या एका ओळीनंतर मिसेस फॉरेस्ट इतिहासातून नाहीशी होते.

त्याच जहाजात आणखी काय होतं, ते ऐका. लंडनहून पाठवलेला तांब्याचा मुकुट होता, पलंग होता, लाल झगा होता. हे सगळं पौहॅटनसाठी. तीसेक जमातींचा तो मुख्य, त्या मुलखाचा खरा धनी. कंपनीला वाटलं, त्याला मुकुट घालावा म्हणजे तो इंग्लंडच्या राजाचा मांडलिक होईल. पौहॅटनने गुडघे टेकायला साफ नकार दिला. शेवटी त्याच्या खांद्यांवर हात दाबून त्याला जरासं वाकवलं आणि तेवढ्यात मुकुट टेकवला. हा प्रसंग पुष्कळांनी सांगितला आहे, चित्रांतही आला आहे. पण मुकुट आणि मोलकरीण एकाच जहाजाने आले, इकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. मला या दोन गोष्टी एकत्र ठेवाव्याशा वाटतात. कंपनी दोन तऱ्हेने जमीन ताब्यात घेत होती. एक तऱ्हा तहाची, नजराण्याची, बंदुकीची. दुसरी चूल मांडण्याची. दुसरीसाठी बायका लागत होत्या.

दुसरी नोंद लग्नाची. त्याच वर्षाच्या अखेरीला ॲनचं लग्न जॉन लेडनशी झालं. तो पहिल्या तुकडीतला, १६०७ मध्ये आलेला. पहिल्या वर्षी ज्यांना पुरलं त्यांच्यात तो नव्हता, एवढंच त्याचं त्या वेळचं मोठेपण. तेव्हा तो सत्ताविसाच्या घरात होता. वसाहतीचा पुढारी कॅप्टन जॉन स्मिथ याने व्हर्जिनियाचा इतिहास लिहिला, तो १६२४ मध्ये छापला. त्यात तो या लग्नाचा उल्लेख करतो आणि व्हर्जिनियातलं हे आपलं पहिलं लग्न म्हणून सांगतो.

चौदा वर्षांची मुलगी. आपल्याकडच्या जुन्या रीतीमुळे कदाचित तुम्हाला यात नवल वाटणार नाही. पण त्या काळच्या इंग्लंडात सामान्य घरातल्या मुली साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी लग्न करत. काही वर्षं कुणाकडे चाकरी करायची, चार पैसे साठवायचे, मग संसार. ॲन त्याच वाटेवर होती. चाकरीचं वय होतं, चाकरी मिळाली होती. पण शे-दोनशे पुरुषांच्या किल्ल्यात दोन बायका, त्यातली एक लग्न झालेली. मग त्या मुलीने होकार दिला की तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता? यादी आणि इतिहास या प्रश्नाजवळ थांबतात. जबरदस्ती झाली असं मी म्हणणार नाही. मात्र ‘पहिलं लग्न’ या शब्दांभोवती पुढे जो कौतुकाचा सूर लागला, तो लावायला माझं मन धजत नाही.

हे लग्न ज्या चर्चमध्ये लागलं असावं, त्याचा पत्ता मात्र आता लागला आहे. किल्ला नदीने केव्हाच गिळला, असं दीर्घकाळ मानलं जात होतं. १९९४ मध्ये पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी तिथे खोदायला सुरुवात केली आणि किल्ला बराचसा जमिनीतच आहे असं दिसलं. २०१० मध्ये १६०८ च्या चर्चच्या खांबांचे खड्डे सापडले. मातीत मोठे काळे डाग, रांगेत. लाकूड कुजून गेलं, पण खांब रोवायला खणलेली माती वेगळ्या रंगाची राहिली. याच चर्चमध्ये १६१४ मध्ये पौहॅटनच्या मुलीचं, पोकाहोंटासचं, जॉन रॉल्फ या इंग्रजाशी लग्न झालं. ते लग्न साऱ्या जगाला माहीत आहे. ॲनचं लग्न त्याच्या सहा वर्षं आधीचं.

आणि मग १६०९-१० चा हिवाळा. इंग्रजांच्या इतिहासात याला ‘उपासमारीचा काळ’ म्हणतात. पौहॅटनने किल्ल्याला वेढा घातला. बाहेर पडणारा मारला जाई. शिधा घेऊन येणाऱ्या ताफ्यातलं मुख्य जहाज वादळात बर्म्युडाला जाऊन फुटलं होतं. किल्ल्यातल्या माणसांनी घोडे खाल्ले, मग कुत्री-मांजरं, मग उंदीर, मग जोड्यांचं कातडं. दोनशेहून अधिक माणसांतली साठच्या आसपास वसंत ऋतूत जिवंत होती. माणसांनी माणसं खाल्ली, असं त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवलं होतं. पुढे पुष्कळ काळ इतिहासकार त्यावर वाद घालत राहिले, कोणी ते कंपनीच्या शत्रूंनी उठवलेलं किटाळ ठरवलं.

२०१२ मध्ये किल्ल्याच्या आतल्या एका तळघरात, जनावरांच्या हाडांच्या आणि केरकचऱ्याच्या थरात, एका मुलीची कवटी आणि पायाचं हाड सापडलं. मुलगी इंग्लंडात वाढलेली. वय सुमारे चौदा. कपाळावर चार उथळ घाव होते, बिचकत घातलेले, हात न चालणाऱ्या माणसाने घातलेले. मग डोक्याच्या मागे जोरात घाव. जबड्यावर सुरीच्या ओरखड्यांच्या बारीक रेघा. स्मिथसोनियन संस्थेचे मानवशास्त्रज्ञ डग्लस औस्ली यांनी त्या तपासल्या आणि मेल्यानंतर मांस काढण्यासाठीच त्या झाल्या असं सांगितलं. २०१३ मध्ये हे जाहीर झालं. तिचं खरं नाव हाती लागलेलं नाही, संशोधकांनी तिला ‘जेन’ म्हटलं.

जेन चौदा वर्षांची होती. ॲन जहाजातून उतरली तेव्हा तीही साधारण तेवढीच. जेन १६०९ च्या ताफ्यातून आली असावी, ॲनच्या मागोमाग एक वर्षाने. एकीला इथे हिवाळा काढता आला आणि एकीला नाही. ॲन त्या हिवाळ्यात लग्न झालेली बाई होती. याच सुमारास तिला पहिली मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं व्हर्जिनिया. म्हणजे भुकेच्या त्या दिवसांत ती एक तर पोटुशी होती किंवा तिच्या अंगावर तान्हं मूल पीत होतं. बायांनो, तुमच्यातल्या ज्यांनी मूल पाजलं आहे त्यांना यापुढे मी काही सांगायची गरज नाही.

मे १६१० मध्ये बर्म्युडाहून सुटलेली माणसं आली, त्यांनी हे हाल पाहिले आणि साऱ्यांनी मिळून वसाहत सोडून जायचं ठरवलं. जूनमध्ये जहाजं निघालीसुद्धा. नदीच्या तोंडाशी नवा गव्हर्नर शिधा आणि शिपाई घेऊन येताना भेटला आणि सगळ्यांना परत फिरवलं. इथून पुढे शिस्त आली.

आता मी तिसऱ्या नोंदीकडे येते. माझ्या आजच्या बोलण्याचं खरं कारण ही नोंद आहे.

परत फिरलेल्या वसाहतीला कडक कायदे लागू झाले. ते १६१२ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. दिवसातून दोनदा प्रार्थनेला हजर राहायचं. देवाचं नाव घेऊन दुसऱ्यांदा शिवी हासडली तर दाभण जिभेतून आरपार. मजुरांचे आणि शिपायांचे कपडे धुणाऱ्या बायांसाठी वेगळी कलमं होती. कपड्यांचं मळकं पाणी रस्त्यावर फेकायचं नाही. विहिरीपासून वीस फुटांच्या आत काही विसळायचं नाही. धुवायला दिलेला कपडा बदलला किंवा गहाळ केला तर फटके आणि भरपाई होईपर्यंत कैद. विहिरीची काळजी मला समजते, माणसं पाण्यानेच मरत होती. पण कलम वाचताना एक गोष्ट लक्षात येते. बाया काय काम करत होत्या हे कंपनीच्या कौतुकाच्या पत्रकांत शोधून सापडत नाही. शिक्षेच्या यादीत मात्र ते बारीकसारीक तपशिलासह सापडतं.

१६११ मध्ये सर थॉमस डेल आला. नेदरलँड्सच्या लढायांत मुरलेला शिपाईगडी. त्याने हे कायदे अक्षरशः चालवले. वसाहतीतून पळून जाऊन मूळ रहिवाशांकडे आसरा घेणाऱ्यांना फाशी दिली, जाळलं, चाकावर मोडलं. ओटचं पीठ चोरणाऱ्या एकाच्या जिभेतून दाभण घालून त्याला झाडाला साखळीने बांधलं, तो तिथेच उपाशी मेला. १६२४ मध्ये वसाहतीच्याच सभेने हे सगळं लिहून लंडनला पाठवलं.

आणि १६२५ च्या मे महिन्यात जेम्सटाउनच्या कोर्टात पेरी आडनावाच्या एका बाईने शपथेवर साक्ष दिली. तिची हकिगत मी माझ्या शब्दांत सांगते. डेलच्या कारकिर्दीत ॲन लेडन, जेन राइट आणि आणखी काही बायांना वसाहतीच्या नोकरांसाठी सदरे शिवायचं काम लावलं होतं. एका सदऱ्याला सहा सुया भरतील एवढा दोरा मिळे. सदरा पुरा झाला नाही तर शिधा बंद. दोरा निकृष्ट होता, टिकत नव्हता. ज्यांच्याजवळ स्वतःचा दोरा होता त्यांनी तो वापरून काम उरकलं. ॲन आणि जेनजवळ तो नव्हता. त्यांनी सदऱ्याच्या खालच्या कडेचं सूत उसवलं आणि त्याच सुताने शिवण पुरी केली. साहजिकच ते सदरे बाकीच्यांपेक्षा आखूड झाले. त्यासाठी दोघींना फटके मारण्यात आले. ॲन तेव्हा गरोदर होती. त्याच रात्री तिचा गर्भ पडला.

एवढीच साक्ष. कोर्टाच्या कारकुनाने ती चार-सहा ओळींत उतरवून घेतली.

मित्रहो, या चार-सहा ओळींत काय काय आहे पाहा. शिवणाऱ्या बाईची अक्कल आहे. दोरा कमी पडला तर कापडातूनच दोरा काढायचा, ही युक्ती ज्याने कधी सुई धरली नाही त्याला सुचणार नाही. ताग्याचं सूत लांब असतं, कडेने सावकाश ओढलं तर न तुटता निघतं, आणि सदऱ्याला त्याच जातीचं लागतं. हिशेब आहे: इतका दोरा, इतके सदरे, इतका शिधा. श्रीमंती-गरिबी आहे, तीही त्या एवढ्याशा किल्ल्यात. जिच्या पेटीत स्वतःची दोऱ्याची रीळ होती ती वाचली. जी मोलकरीण म्हणून रिकाम्या हाताने आली होती तिने फटके खाल्ले. आणि सदऱ्याची लांबी मोजणारा कोणीतरी आहे. कोणीतरी ते सदरे एकमेकांशेजारी पसरून पाहिले असणार. भुकेने शेकडो माणसं मेलेल्या गावात कोणाला तरी सदऱ्यांची लांबी ताडून पाहायला वेळ होता.

गुन्हा काय होता? चोरी होती का? काढलेलं सूत बायांनी घरी नेलं नाही, त्याच सदऱ्यात घातलं. कंपनीचं कापड कंपनीच्याच कापडात गेलं. मग शिक्षा कसली? निकृष्ट दोरा पाठवल्याबद्दल लंडनच्या कोणा व्यापाऱ्याला फटके बसले नाहीत. दोरा कमी आहे हे ज्या बाईच्या कामातून दिसलं, तिला बसले.

किल्ल्याच्या खणकामात टाचण्या मिळाल्या आहेत, सुया मिळाल्या आहेत, बोटात घालायची पितळी अंगुस्तानं मिळाली आहेत. संग्रहालयात ती तलवारी आणि चिलखतांच्या शेजारी ठेवलेली असतात. लोक चिलखतांपाशी थांबतात. मी म्हणते, अंगुस्तानापाशी थांबा. त्याच्यावरच्या बारीक खळग्यांत सुईची मागची बाजू टेकवून ती जाड कापडातून ढकलावी लागते. चिलखत वेळप्रसंगी अंगावर असायचं. अंगुस्तान दिवसभर बोटात असायचं.

साक्षीबद्दल आणखी एक. ती दहा-बारा वर्षांनंतर दिलेली आहे, आणि देणारी दुसरी बाई आहे. डेल तेव्हा कबरीत होता. तरी पेरीबाईला सगळं आठवत होतं, अगदी सहा सुयांच्या दोऱ्यापर्यंत. हे तिला कसं आठवलं? मला वाटतं, तिथल्या बाया हे एकमेकींना सांगत आल्या होत्या. बायकांच्या बोलण्यात दहा-बारा वर्षं जपलेली गोष्ट एके दिवशी कोर्टाच्या कागदावर आली. इतिहास म्हणून आपण जे वाचतो त्यातला बराच भाग असा कोणाच्या तरी तोंडी जपलेला असतो.

हा डेल आपल्याला परका नाही. व्हर्जिनियातून १६१६ मध्ये परतल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्याला जहाजांचा ताफा देऊन पूर्वेकडे पाठवलं. जावाच्या समुद्रात तो डचांशी लढला आणि ऑगस्ट १६१९ मध्ये आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर, मछलीपट्टणमला, मेला. ॲनला घेऊन येणारा कॅप्टन न्यूपोर्टही पुढे याच कंपनीच्या चाकरीत लागला आणि १६१७ मध्ये जावातल्या बांतमला मेला. दोन्ही कंपन्यांचा कारभार हाकणारा माणूसही बराच काळ एकच होता: लंडनचा व्यापारी सर थॉमस स्माइथ. सुरतेच्या वखारीची पत्रं आणि जेम्सटाउनची पत्रं लंडनमध्ये जवळपास एकाच टेबलावर उघडली जात होती. आपण ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास शिकतो तेव्हा व्हर्जिनिया अमेरिकेच्या इतिहासात टाकून देतो. त्या काळच्या माणसांना तो एकच धंदा होता.

बायका पाठवण्याचा धंदाही तसाच. १६२० मध्ये व्हर्जिनिया कंपनीने लग्नासाठी म्हणून नव्वद मुली जेम्सटाउनला पाठवल्या, पुढच्या वर्षी सत्तावन्न. ज्याला बायको हवी त्याने तिच्या प्रवासाचा खर्च तंबाखूत फेडायचा, एकशेवीस पौंड, मग तो दर दीडशेवर गेला. आणि १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आल्यावर तिथेही, आपल्या शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं करू नयेत म्हणून, इंग्लंडहून मुली धाडायचा प्रयोग झाला. ॲनच्या वेळी जे ठरवून झालं नव्हतं ते पुढे धोरण झालं.

एक मात्र मान्य करायला हवं. जुलै १६१९ मध्ये जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वसाहतीची पहिली प्रतिनिधी सभा भरली. सभेने कंपनीकडे मागणी केली, की जुन्या रहिवाशांच्या बायकांनाही जमिनीचा वाटा द्यावा, कारण नव्या वसाहतीत पुरुष जास्त गरजेचा की बाई हे सांगता येत नाही. सभेत सगळे पुरुषच होते. तरी एवढं त्यांच्या तोंडून निघालं. बारा वर्षं बाया नसताना आणि असताना काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण जमीन कोणाची?

हा प्रश्न विचारल्याशिवाय ॲनचं चरित्र सांगणं मला योग्य वाटत नाही. तिच्यावर अन्याय झाला म्हणून ती ज्या जमिनीवर राहिली तिथला अन्याय पुसला जात नाही. लेडन कुटुंब पुढे एलिझाबेथ सिटीत राहायला गेलं. ती जागा जेम्स नदीच्या तोंडाशी होती, जुनं नाव केकोटन. तिथे केकोटन लोकांचं गाव होतं, मक्याची शेतं होती. जुलै १६१० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस गेट्सने त्यांना मारून हाकललं आणि उभी शेतं ताब्यात घेतली. १६१९ मध्ये वसाहतवाल्यांच्या मागणीवरून गावाचं नाव राजकन्येवरून एलिझाबेथ सिटी झालं. त्याच १६१० च्या ऑगस्टमध्ये वसाहतीतला अधिकारी जॉर्ज पर्सी याने पॅस्पाहे लोकांच्या गावावर हल्ला केला. मुख्याच्या बायकोला आणि तिच्या मुलांना पकडून होडीत घातलं. मुलांना नदीत फेकून पाण्यातच गोळ्या घातल्या. आईला जेम्सटाउनला आणून पुढे तलवारीने मारलं. हे पर्सीने स्वतः लिहून ठेवलं आहे. ती आईही याच नदीकाठची बाई. ॲन तेव्हा किल्ल्यात होती किंवा जवळपास, आणि तिच्या कडेवर मूल असावं.

अशा बायांची नावं कोणत्याही यादीत नाहीत. माझ्या मनात ॲनविषयी माया आहे, ती मी लपवत नाही. पण ही माया मी त्या आईला विसरून करू शकत नाही, आणि तुम्हीही करू नये.

मार्च १६२२ मध्ये पौहॅटनचा भाऊ ओपेचँकनो याच्या नेतृत्वाखाली मूळ रहिवाशांनी एकाच सकाळी वसाहतीवर हल्ला केला. ३४७ माणसं मारली गेली. मागोमाग पुन्हा भूक आणि रोगराई. १६२४ मध्ये राजाने कंपनीच बरखास्त केली आणि वसाहत आपल्या हाती घेतली. मग हिशेब हवा म्हणून १६२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत घरोघर शिरगणती झाली. ही आपली चौथी नोंद. १६०७ पासून सहा हजारांहून अधिक माणसं पाठवली होती. शिरगणतीत बाराशेच्या आसपास सापडली.

एलिझाबेथ सिटीच्या पानावर लेडनांचं घर आहे. जॉन, वय ४४. ॲन, वय ३०, ‘मेरी अँड मार्गारेट’ने १६०८ मध्ये आलेली. आणि चार मुली: व्हर्जिनिया, ॲलिस, कॅथरिन, मार्गारेट. चौघींचा जन्म व्हर्जिनियात. सतरा वर्षं. किल्ल्यातल्या मूळच्या माणसांतली क्वचितच कोणी इथवर पोचली, आणि नवरा-बायको दोघंही जिवंत, लेकरं जिवंत, असं घर तर मोजकंच. पहिली मुलगी जिच्या पोटी उपासमारीच्या दिवसांत आली, जिचा एक गर्भ फटक्यांनी पडला, तिच्या घरात त्या हिवाळ्यात चार मुली होत्या. ॲनने काय केलं, असं कोणी मला विचारलं तर मी हे पान दाखवीन.

पण पान उलटा. त्याच एलिझाबेथ सिटीत कॅप्टन विल्यम टकरच्या घरात आणखी एक कुटुंब नोंदलेलं आहे. अँथनी, इसाबेला आणि त्यांचा मुलगा विल्यम, बाप्तिस्मा झालेला. ते आफ्रिकेतून आणलेले. ऑगस्ट १६१९ मध्ये जवळच्याच पॉइंट कम्फर्टला ‘व्हाइट लायन’ नावाचं जहाज लागलं आणि त्यातून वीसेक आफ्रिकी माणसं शिध्याच्या बदल्यात उतरवून घेतली गेली. मुख्य भूमीवरच्या इंग्रज अमेरिकेतल्या गुलामगिरीची सुरुवात म्हणून हे वर्ष सांगितलं जातं. जेम्सटाउनच्या पानावर कॅप्टन विल्यम पीअर्सच्या घरी एक बाई आहे. नाव अँजेला, ‘ट्रेझरर’ जहाजाने आलेली. वय लिहिलेलं नाही, आडनाव नाही. त्या पानावर तिच्याबद्दल ही एकच ओळ.

ॲनच्या वाट्याला चार नोंदी आल्या. अँजेलाच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतके शब्द. पण २०१७ मध्ये जेम्सटाउनला पीअर्सच्या घराची जागा खोदायला घेतली, आणि त्या जागेला आता मालकाचं नव्हे, अँजेलाचं नाव दिलेलं आहे. आपल्या विद्यापीठांतून इंग्लिश आणि इतिहास शिकणाऱ्या पुष्कळ मुलामुलींना अमेरिकन इतिहासात रस असतो. ही शिरगणती छापलेली आहे, कोर्टाचे कागदही छापलेले आहेत, दोन्ही मिळवून वाचता येतात. मी त्यांना सांगेन, शिरगणतीतली बायकांची नावं वेगळी काढा, कोण कोणत्या जहाजाने आली ते लिहा, कोणाच्या घरी काय काम करत होती ते कोर्टाच्या कागदांत शोधा. ॲनपासून सुरुवात करा, हरकत नाही. मग टकरच्या घरातल्या इसाबेलाकडे जा, पीअर्सच्या घरातल्या अँजेलाकडे जा, आणि ज्यांची शेतं ताब्यात घेतली त्या केकोटन बायांबद्दल इंग्रजांनी जाता जाता जे लिहिलं तेही बाजूला ठेवा. हे काम मराठीत अजून कोणी हाती घेतलेलं माझ्या पाहण्यात नाही. ते व्हावं, एवढी विनंती करायला मी आज इथे उभी राहिले.